उजव्या कोपऱ्यातली खूण

प्रिय कात्री,

तुझं पत्र मिळालं. तीन ओळींचं! हे नाव तुला मी उगाच नव्हतं ठेवलं. पहिल्या ओळीत माझ्या तब्येतीची चौकशी, दुसरीत मुख्य संपादकाच्या खुर्चीला नकार, आणि तिसरीत, ‘माझ्या हातून चुका होतात, तुला ठाऊकच आहे.’ ती तिसरी ओळ मी चार दिवस पर्समध्ये घेऊन हिंडतेय. किल्ली काढायला हात घातला की आधी ते पत्रच हाताला लागतं.

खरं सांगू का, थकलेय गं मी. या महिनाअखेर सुटणार. कार्डांच्या खालच्या खणाशी वाकले की उठताना दोन्ही गुडघे आपापलं मत मांडतात. समितीने विचारलं, तुमच्यानंतर हा इंग्रजी-मराठी कोश कोणाच्या हाती द्यायचा? मी एकच नाव दिलं, तुझं. त्यांनी मोठ्या आनंदाने तुला लिहिलं आणि तू मोठ्या नम्रपणे ते परत पाठवलंस. शुक्रवारी बैठक आहे. तोवर तू हो म्हणाली नाहीस तर बाहेरचं कोणीतरी येईल. येईना का बापडं, कोश काही बुडणार नाही. पण त्या खुर्चीत तुला बसलेली बघितल्याशिवाय मला घरी जायचं नाहीये, आणि हा हट्ट तुझ्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त आहे.

आपली खोली आहे तशीच आहे. तुझं टेबल खिडकीशी, माझं त्याच्यासमोर, मध्ये कुरकुरणारा पंखा. तुला वारा हवा, मला कार्डं उडायला नकोत, त्यावरून आपण किती वर्षं कचाकचा भांडलो! तुझ्या टेबलावर आता प्रिंटर बसलाय. तो भांडत नाही, नुसता कागद गिळतो. नव्या आवृत्तीचं काम चाललंय, आणि नशीब बघ, जाता जाता माझ्यापुढे काय यावं, तर भांडणाची पेटी. आठवतेय ना? मोठ्या सरांनी, तेव्हाच्या मुख्य संपादकांनी, आपल्याकडून करून घेतलेली. क्वारल, डिस्प्यूट, कॉन्फ्लिक्ट, ऑपोनंट, कॉम्पिटिटर, रायव्हल, एनिमी, सगळी भावंडं एकाच खणात.

लोकांना वाटतं, सगळ्याचा अर्थ एकच, भांडण. लोकांचं काय जातंय! पंख्यावरून चालायचं ते आपलं क्वारल. आवाज चढायचे, चहा आला की उतरायचे. मग तू लेखी तक्रार केलीस, मी लेखी उत्तर दिलं आणि सरांनी पंख्याचा तीन नंबर ठरवून दिला, ते डिस्प्यूट. त्याला कागद लागतो आणि निवाडा करणारा तिसरा माणूस लागतो. जेवणाच्या सुट्टीत कॅरमच्या पलीकडे बसायचीस तेव्हा तू माझी ऑपोनंट. सोंगट्या डब्यात गेल्या की ते नातं संपलं. समोरच्या गल्लीतला नि मागच्या गल्लीतला शिंपी एकमेकांना ओळखतही नाहीत, तरी ते कॉम्पिटिटर आहेतच, कारण त्याला ओळख लागत नाही. आणि कॉन्फ्लिक्टला तर दुसरं माणूसही लागत नाही. ते एकटीच्या पोटात वर्षानुवर्षं चालू शकतं, हे मी अनुभवाने सांगते.

राहता राहिले दोन शब्द, रायव्हल आणि एनिमी. त्यांच्यासाठी मागचं थोडं उगाळावं लागेल. सर निवृत्त होणार होते. जागा एक, आपण दोघी. सरांनी दोघींना तीच पेटी दिली आणि वीस-वीस कार्डं लिहायला सांगितली. त्यांना बाहेरचा परीक्षक नेमायचं सुचलंसुद्धा नाही. आपल्याकडची रीतच तशी. लिहिणारीच्या नावाचं अक्षर डाव्या कोपऱ्यात, तपासणारीची लाल खूण उजव्या कोपऱ्यात, आणि आपलं कार्ड आपण कधी तपासायचं नाही. म्हणजे एकाच जागेसाठी अर्ज केलेल्या दोघींनी एकमेकींची कार्डं तपासायची! आज कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तू तर हसून म्हणाली होतीस, आता खरी मजा.

तेव्हा तुझी आई दवाखान्यात होती. तिच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तू ती वीस कार्डं लिहिलीस. आणि माझी तपासलीस तीही तिथेच. माझ्या तीन कार्डांना तू पेन्सिलीने गोल केला होतास, ‘अगं बाई, हे पुन्हा बघ.’ तिन्ही चुका खऱ्या होत्या. मी गुपचूप दुरुस्त केल्या आणि तू त्यावर खुणा केल्यास. माझी वीसच्या वीस कार्डं निर्दोष होती ती अशी.

मग समितीची बैठक. सरांनी तुझं रायव्हलचं कार्ड उचललं आणि मोठ्याने वाचलं, शत्रू, वैरी, वाईट चिंतणारा. एनिमीचाच अर्थ तू दोन्ही कार्डांवर उतरवला होतास. सर म्हणाले, प्रतिस्पर्धी आणि शत्रू यांतला फरक जिला कळत नाही तिच्या हाती कोश कसा द्यायचा? मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमची खूण आहे इथे, हे कसं सुटलं? मी म्हणाले, नजरचूक झाली असेल. ते म्हणाले, तपासणारीची एक वेळ होते, लिहिणारीची होता कामा नये. तू उभी राहून शांतपणे सांगितलंस, ‘चूक माझीच.’ आणि खाली जिन्यात माझ्या पाठीवर हात ठेवून वर मलाच समजावलंस, वाईट वाटून घेऊ नकोस गं, एवढ्या गडबडीत एखादं सुटतंच. महिन्याभरात तू नोकरी सोडलीस. आईचं कारण सांगितलंस. आई गेल्यावरही परत आली नाहीस.

मागच्या महिन्यात तुझी लेक इथे येऊन गेली. तिच्या कॉलेजच्या कामासाठी जुना कोश बघायला आली होती. तिला बघून मला तूच जिना चढून आलीस असं वाटलं. बोलता बोलता म्हणाली, मावशी, आई पूर्वीपासूनच अशी आहे का? कशी, म्हटलं. तर म्हणे, दुधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी तीनदा वाचते, मग माझ्याकडून वाचून घेते. शाळेतून शिकवायला बोलावलं होतं तर गेली नाही, म्हणाली, फळ्यावर काही चुकीचं लिहिलं तर? मी तिला चहा दिला, कोश दिला, निरोप दिला. ती गेल्यावर दार लावून ढसाढसा रडले. तू, जी सरांच्या कार्डांवरसुद्धा बेधडक गोल करायचीस, ती दुधाच्या चिठ्ठीला घाबरतेस!

तू मला गोगलगाय म्हणायचीस, माझ्या हळू कामावरून. सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढचं तू कधी म्हणाली नाहीस, गोगलगाय आणि पोटात पाय. म्हणायला हवं होतंस. तुझं रायव्हलचं कार्ड हातात आलं तेव्हा पहिल्याच ओळीत चूक दिसली होती मला. तुझ्या कार्डावर आंधळीलाही दिसली असती. उचलून ‘अगं, हे काय?’ एवढं म्हणायचं होतं, बारा वर्षं रोज म्हणत आले होते. पेन्सिल हातात घेतली, ठेवली. लाल पेन घेतलं आणि खूण केली. नजरचूक नव्हती, कात्री. मी बघितलं होतं. जागा दोघींना हवी होती तोवर आपण प्रतिस्पर्धी होतो, त्यात लाज कसली. तू मात्र मला सावरून घेऊनही प्रतिस्पर्धीच राहिलीस, आणि मी तुला पडू दिलं. त्या कार्डावर तू जो अर्थ लिहिलास तो शब्दाला चुकीचा होता, मला अगदी बरोबर होता. हे सतरा वर्षांपूर्वी जिन्यातच सांगायला हवं होतं. दर वर्षी वाटायचं, आता सांगून काय उपयोग. तुझी ती तिसरी ओळ आली आणि कळलं काय उपयोग. म्हणून हे पत्र. ते जुनं कार्ड सोबत ठेवलंय, माझी खूण खोडून. या पत्राची एक प्रत समितीलाही दिली आहे, तेव्हा मला वाचवायचा विचार करू नकोस, तुला तेवढी खोड आहेच. सोबतचं दुसरं कार्ड कोरं आहे. रायव्हलचा अर्थ नव्या आवृत्तीसाठी तूच लिही, एकदाच लिही, लेकीकडून वाचून घेऊ नकोस, आणि शुक्रवारच्या आत ऑफिसात दे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. कार्डाचा उजवा कोपरा मी रिकामा सोडलाय, तिथे आता माझी खूण नको.

अजून म्हणवून घेण्याचा हक्क असेल तर तुझीच,
गोगलगाय