पैलवानाला सोबत

प्रिय नाथा,

फोनवर तुला ऐकू येत नाही. तोफखान्यानं तुला पेन्शन दिली आणि कान ठेवून घेतले. मी इकडून घसा फोडून ओरडतो, तू तिकडून व्हय व्हय म्हणतोस आणि ठेवून देतोस. आपलं बोलणं अख्ख्या पेठेला कळतं, एक तुला सोडून. म्हणून हे पत्र. इंद्रजितचा फोन आला होता. तू न्हाणीत घसरून पडलास हे मला तुझ्या पोराकडून कळावं, तुझ्याकडून नाही, याचा मला राग आहे. रंगूवहिनी गेल्यापासून रहिमतपूरच्या घरात तू एकटा, पोरगा तिकडं जम्मूला ड्यूटीवर, त्याला घोर लागणारच. रजेवर आलाय तो, येत्या रविवारी तुला खंडाळ्याजवळच्या वृद्धाश्रमात नेऊन सोडणार म्हणाला. तुझं काय म्हणणं पडलं विचारलं, तर म्हणे, आबा नुसते बसून राहिले. गड्या, तू गप्प बसलास की तुझ्या पोटात काय चाललंय ते मला बोर्डिंगात होतो तेव्हापासून कळतं. असो. आधी घरची खबर सांगतो.

शाळेपासून आमच्याकडंच वाढलेली नात, ब्राह्मी, पुण्याला शिकायला गेली आणि जाताना आपला मासा आमच्या गळ्यात मारून गेली. ऑस्कर म्हणतात त्याला. वीतभराहून लांब, काळाकुट्ट, अंगावर केशरी पट्टे, आणि तोंड असं की हळदीचा भाव पाडून मागितल्यावर माझं होतं अगदी तसं. पोरीनं नाव ठेवलंय पैलवान. त्याचा टँक दुकानाच्या काउंटरएवढा लांब, सोप्यात मांडलाय. जैनाच्या घरात मांसाहारी मासा, म्हणून तू खदाखदा हसशील. हस. पोरीनं आणला तेव्हा बोटाएवढा होता, आम्हाला वाटलं शोभेचा असेल. तो गोळ्या खातो. त्या गोळ्यांत काय असतं ते तुझ्या गुणमालावहिनीनं कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. संसार असाच चालतो बाबा.

तर ब्राह्मी गेली आणि पैलवानानं खाणंच टाकलं. कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. तुझी वहिनी म्हणाली, एकटा पडलाय बिचारा, त्याला सोबत आणली पाहिजे. आणि स्वतःच गेली माशांच्या दुकानात. तिथं एका बादलीत बारकी बारकी केशरी पिल्लं कोंबलेली. कशाला ठेवलीत, तर म्हणे मोठ्या माशांना खायला. हे ऐकल्यावर गुणमाला थांबते होय? पर्युषणात आमच्यातली माणसं कसायाकडून बकरी सोडवून आणतात, ते तू बघितलंयस. हिनं बादलीच्या बादली सोडवून आणली. आता ठेवायची कुठं? घरात सगळ्यात मोठं आणि स्वच्छ पाणी कुठलं? पैलवानाचं, आणि तो तर तिच्या लेखी नुसत्या गोळ्या खाणारा. तिनं णमोकार म्हणत एकेक पिल्लू अलगद पैलवानाच्या टँकमध्ये सोडलं. जीवही वाचले आणि पैलवानाला सोबतही झाली, अशा आनंदात आम्ही दोघं देवळाला गेलो.

परत येतो तर टँकमध्ये पैलवान एकटा. पोट टुम्म, आणि किती दिवसांनी स्वारी खुशीत काचेपाशी आलेली. मला हसू फुटत होतं, ते हिचं रडं बघून दाबलं. मी माझ्या हातानं वाढलं रे त्याला, माझ्या हातानं, असं म्हणत बसली. उपवास धरला. पैलवानाकडं पाठ करून जपाला बसायची. ब्राह्मीला फोनवर सांगितलं तर पोरगी म्हणाली, आज्जा, जो तोंडात मावतो तो सोबती नसतो, तो डबा असतो.

मग मी डोकं चालवलं, म्हणजे माती खाल्ली. म्हटलं, लहान चालत नाही ना, मग तोडीस तोड आणू. दुसरा ऑस्कर आणून सोडला. झाला की आखाडा सुरू! दोघांना तोच कोपरा पाहिजे, तोच दगड पाहिजे, पडेल ती गोळी माझीच. दिवस मावळायच्या आत नव्याची शेपटी फाटली. त्याला बादलीत घालून मी गुपचूप दुकानात परत देऊन आलो. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं बादलीत काय, तर म्हटलं दही.

शेवटी ब्राह्मीनंच नीट समजावून सांगितलं. सोबती अंगानं भरलेला हवा, पण खोडीचा नको. आणि मुख्य म्हणजे याच्या ताटातलं मागणारा नको. आल्या आल्या एका पाण्यात सोडायचं नाही, मध्ये भोकांची काच घालून आधी नुसतं एकमेकांना बघू द्यायचं. आतले दगड हलवून ठेवायचे, म्हणजे जुन्यालाही घर नवं वाटतं आणि तो जागेवरून गुरकावत नाही. त्याप्रमाणे आम्ही सिल्व्हर डॉलर नावाचे मासे आणले. चपटे, रुपेरी, तळव्याएवढे. कळपानं राहतात, म्हणून चार. आणि गंमत ऐक, ते पाला खातात. शुद्ध शाकाहारी! हे ऐकून तुझ्या वहिनीचं तोंड जसं उजळलं, तसं आमच्या लग्नात पण उजळलं नव्हतं. हे आपल्यातले, म्हणाली.

काच काढली तेव्हा पैलवान एकदा अंगावर गेला. ते सर्रकन बाजूला झाले आणि लांब जाऊन फिरायला लागले. त्यानंही नाद सोडला. आता सकाळी ही एका टोकाला पालक सोडते, दुसऱ्या टोकाला गोळ्या. पैलवान लय खायला लागलाय. परवा टँकपुढं बसल्या बसल्या म्हणाली, त्याचा स्वभाव बदलायला मी कोण? माझ्या हातानं वाढायचं नाही, एवढंच माझं.

नाथा, मागच्या वर्षी मी तुला सांगलीला ये म्हणालो, तेव्हा तू म्हणालास, तुमच्यात दिवसाउजेडी जेवण, कांदा न्हाई, लसूण न्हाई, आणि रविवारचं मटण सोडायचं तर मी जगून काय करू. मीही चिडलो आणि विषय बंद केला. आता ऐक. आमच्या हळदीच्या गोदामाला लागून खोली आहे ना, रस्त्याकडं दार असलेली, ती तुझ्या वहिनीनं रंगवून घेतलीय. न्हाणीत धरायला दांडी बसवलीय, शेगडी आणलीय. आणि काल मला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेली. जिनं जन्मात घरात अंडं येऊ दिलं नाही ती बाई दुकानदाराला म्हणाली, जाड बुडाचं पातेलं दाखवा, मटण चांगलं शिजेल असं, आमच्या नाथाभावजींना लागतं. मी शेजारी उभा होतो. डोळ्यांतलं पाणी लपवायला रस्त्याकडं बघत राहिलो. पातेलं त्या खोलीतून बाहेर यायचं नाही आणि रविवारी ती स्वतः तिकडं फिरकणार नाही, एवढ्या दोनच अटी तिच्या. इंद्रजित तयार आहे, पण म्हणाला, आबा माझ्याशी बोलतच न्हाईत, तुमीच विचारा. तुझी कीव येऊन बोलावतोय असं समजू नकोस. ब्राह्मी गेली, पोरगा-सून बेंगळुरूला, दिवसभर मी फक्त गिऱ्हाइकाशी बोलतो. ए जयप्या म्हणून हाक मारणारं जगात तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही. मला तू हवा आहेस रं. रविवारी गाडी हायवेला लागेल तिथं उजवीकडं खंडाळा, डावीकडं सांगली. इंद्रजित तिथं गाडी थांबवणार आहे. बोलणं जिवावर येत असेल तर बोलू नकोस, नुसता डावा हात कर.

रविवारी दारातच बसून असणारा,
तुझाच,
जयपाल