अठन्नी आणि क्राऊन

धुळे,
दि. ९ एप्रिल १९८९

प्रिय भाईदास यास चुडामणचा रामराम.

इकडे आम्ही बरे आहोत. तुझी वहिनी उन्हाळ्याचे पापड-बिबड्या थापून थापून खांद्याने बेजार झाली आहे. भुसावळला ऊन इथल्यापेक्षा जास्त, तेव्हा डोक्याला फडकं बांधत जा. दोन वर्षांत तू एक पत्र टाकलं नाहीस. मीही टाकलं नाही, पण मी वयाने मोठा आहे, मला तो अधिकार आहे.

पत्रास कारण, डॉक्टरसाहेबांची टोयोटा क्राऊन पुन्हा गॅरेजात येऊन पडली आहे. महिन्यातली ही तिसरी खेप. इंजिनाखालची रबरं फाटली. खिडक्यांचे पडदे थरथरतात, आरसा थरथरतो, आतलं घड्याळ तर बंदच पडलं. डॉक्टरसाहेब गेल्यापासून गाडी त्यांचा मुलगा छगन बघतो. तो म्हणतो, "मिस्तरी, चालू केली की कवळी बाहेर येईल माणसाची." मी म्हटलं, डिझेल आहे बाबा, डिझेल बोलणारच. वरून असं म्हटलं, पण आतून डोकं नुसतं भणभणत होतं. खोटं कशाला लिहू, राग आधी तुझाच आला.

काय गाडी होती रे ती! मुंबईला कुठल्याशा वकिलातीच्या लिलावात घेतलेली, आली तेव्हाच जुनी. पण दार लावलं की कोठीचं झाकण बसावं तसं बसायचं. सहा सिलिंडर, आणि आवाज म्हणशील तर नाहीच. डॉक्टरसाहेबांसारखा शहाणा माणूस चालू गाडीला परत स्टार्टर मारायचा आणि आपण दोघं गॅरेजातून ओरडायचो, "साहेब, चालू आहे, चालू आहे!" त्यांच्या मंडळी इंदिराबाई दर आखाजीच्या सणाला लेकीला माहेरी आणायला जळगावला जायच्या, त्या पारोळा यायच्या आत मागच्या सीटवर घोरायला लागायच्या.

आणि असल्या गाडीत मी टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलं. ते मावेना म्हणून पुढची पट्टी कापली, तीन आठवडे राबलो, धुळ्यात कुणी केलं नव्हतं ते करून दाखवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तू समोर उभा राहून म्हणालास, "भाऊ, हाई पाप शे." मी म्हणालो, मालकाचा हुकूम आहे, छगनला पेट्रोल परवडत नाही. काढलेलं जुनं इंजिन तू स्वतःच्या गोधडीत गुंडाळलंस, ट्रकमध्ये टाकलंस आणि भुसावळला गेलास तो गेलासच. चौदा वर्षं एका गॅरेजात राबलो, एका ताटात जेवलो, आणि जाताना पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

मंगळवारी इंदिराबाई स्वतः आल्या. मागच्या सीटवर बसल्या. मी गाडी चालू केली. मिनिटभर बसल्या असतील, मग उतरल्या आणि म्हणाल्या, "चुडामण, हाई मनी गाडी नही शे. औंदा मी यष्टीनं जासू." फाटकापर्यंत गेल्या, परत वळल्या आणि विचारलं, "भाईदास कोठे शे?" मी पाना शोधायला खाली वाकलो.

गाडी नीट करायला छगनने आखाजीपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर विकणार. शिरपूरचा एक जण गाडी मागतो आहे, शिंदखेड्याच्या रस्त्यावर पॅसेंजर वाहायला. क्राऊनमध्ये बारा माणसं कोंबणार, टपावर कोंबड्यांच्या पाट्या!

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. छगनने हुकूम दिला नव्हता. "मिस्तरी, असं होतं का?" एवढंच त्याने विचारलं होतं. होतं म्हणणारा मी, तो नको नको म्हणत असताना गळ घालणाराही मीच. कारण गॅरेजच्या पाटीवर नाव माझं, आणि दारात येणारा प्रत्येक माणूस विचारणार, "भाईदास आहे का?" ती गाडी होती तोवर हे असंच चाललं असतं. म्हणून ती गाडीच संपवली. तुझ्याशी खोटं बोललो.

तू क्राऊनच्या चालू इंजिनावर अठन्नी कडेवर उभी करायचास, बघायला गर्दी जमायची. एकदा डॉक्टरसाहेबांसमोर मीही उभी केली होती, आठवतं? शाबासकी मिळाली मला. भाईदास, तेव्हा इंजिन बंद होतं. मी हळूच किल्ली फिरवून ठेवली होती. दहा माणसं वाकून बघत होती, एकालाही कळलं नाही, अशी ती गाडी. तुला कळलं. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, अठन्नी उचलून माझ्या हातात दिलीस आणि बॉनेट लावून टाकलंस. एक शब्द बोलला नाहीस. अरे, चारचौघांत बोलला असतास तर भांडून मोकळा झालो असतो मी! तुझ्या त्या गप्प राहण्यानेच माझं डोकं फिरलं.

कापलेली पट्टी मी टाकलेली नाही. नट-बोल्ट तू ज्या पुड्यांत बांधलेस त्याच पुड्यांत आहेत, वर तुझंच अक्षर आहे. गोधडीसकट इंजिन घेऊन ये. इंदिराबाई आखाजीला घोरत जळगावला गेल्या पाहिजेत.

अठन्नी माझ्याजवळच आहे. ती तू उभी कर. मी गर्दीत मागे उभा राहून बघेन.

वयाने मोठा, हाताने लहान,
चुडामण