वजनाचा आठवडा

दादा,

तुझ्या बॉक्सिंगवरचा माहितीपट काल पाहिला. पडद्यावर मी म्हणते, "वजनाच्या आठवड्यात आम्हीही त्याच्यासमोर पाणी प्यायचो नाही," आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यांना तो आमचा त्याग वाटला.

लढतीआधीच्या वजनतपासणीसाठी वजन उतरवायला तू दोन दोन दिवस पाणी बंद करायचास, तेव्हा आई न्हाणीघरात कडी लावून प्यायची. मी एकदा तुझ्यासमोर अर्धा पेला प्यायले आणि तू माझं मनगट मोडलंस. डॉक्टरांना आपण सांगितलं, जिन्यावरून पडली. दिग्दर्शकबाईंनी वाकड्या मनगटाबद्दल विचारलं तेव्हाही मी तेच सांगितलं. वर लाडाने जोडलं, "रागीट आहे, पण मनाने लोणी." विजेत्याची बहीण म्हणून मिरवायची हौस मलाही होतीच.

आज सकाळी वहिनीचा फोन आला. तीन महिने झाले ना तिला लेकीसह माहेरी जाऊन.

"ताई, किती छान बोललात. मीच उतावीळपणा केला. उद्या घरी परत जातोय आम्ही."

"एवढी घाई कशाला?"

"पुढच्या आठवड्यात त्यांचं वजन आहे. आता कळलं मला कसं वागायचं ते. पाणी आम्ही दोघी शेजारी जाऊन पिऊ."

हे पत्र तुला पाठवणार नाही. तू ढसाढसा रडशील आणि आई मलाच बोल लावेल. मी वहिनीकडे निघाले आहे. ती सामान बांधायच्या आत तिला सगळं सांगणार. मग तिने मला खोटारडी म्हटलं तरी चालेल, ती मी आहेच.

तू अजून जिला छोटी म्हणतोस ती