रुबीच्या फाइली

१२ नोव्हेंबर २००७, सोम.
दिवाळी संपली. कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवं प्लगइन टाकलं. आधी त्याला काम सांगायचं, मग त्या कामात ज्या फाइलींना हात लागेल तेवढ्याच डावीकडच्या यादीत राहतात. नुसती उघडली तर थोडं वजन, बदल केला तर जास्त. बराच काळ हात नाही लावला की गायब. पुसत नाही म्हणे, नजरेआड करतं. लूमवाल्यांच्या जुन्याच सॉफ्टवेअरवरून गोदामाचं करायचंय; 'काल्हेर गोदाम' हे काम सुरू केलं नि दुपारपर्यंत यादी कशी सुटसुटीत! लूमवाल्यांसाठी रुबीनं लिहिलेलं सगळं गेलं. छान वाटलं. मग नाही वाटलं.

१४ नोव्हें.
रुबी शारजाला जाऊन वर्ष होत आलं. लग्न, नवरा, नववा मजला. भिवंडीत टेमघरला तिच्या अब्बांच्या यंत्रमाग कारखान्याच्या माळ्यावर आम्ही दोघींनी सॉफ्टवेअरचा धंदा सुरू केला तेव्हा खाली लूमचा असला खडखडाट, की साधं बोलायचं तरी ओरडायला लागायचं. घसे बसले. मग ती मला जे सांगायचं ते कोडमध्येच लिहायला लागली, रोमन लिपीतल्या मराठीत. फाइल माझ्याकडे आली की मी वाचायची. 'सुनंदा, इथे हात लावलास तर बघ.' त्या ओळीखाली बीम, तागे, शिफ्टचा हिशेब. परत मध्येच, 'समोसे संपवलेस ना?' कामाची फाइल उघडावी नि गप्पा मारून यावं. ते दिवस...

१९ नोव्हें.
गोदामाचं सॉफ्टवेअर काल्हेरला बसवून दिलं. एकदम मख्खन.

२३ नोव्हें., शुक्र.
कसलं मख्खन. सकाळीच दादाचा फोन. तो तिथेच, गोदामाच्या शेठकडे सुपरवायझर. "बाय, तुजा कंप्युटर बोलतो आज सुट्टी हाय! गेटपास देत न्हाय! गाड्या उभ्या हायेत पार रस्त्यापर्यंत!"

मी सुट्टी रविवार केली होती, दिसत होत्या त्या सगळ्या फाइलींत. न दिसणाऱ्या एका फाइलीत रुबीचा शुक्रवार ठाण मांडून बसलेला. शुक्रवारी लूम बंद, हे भिवंडीत कुणाला सांगावं लागतं? तिनं तसंच ठोकून दिलेलं. आणि मी बावळट, यादीत नाही म्हणजे जगातच नाही समजून चालले.

रिक्षा करून पळाले. ड्रायव्हर लोक ट्रकच्या सावलीत पत्ते कुटत होते. एक म्हणाला, "मॅडम, अगले जुम्मे को भी छुट्टी रख दो." मी सोडून सगळे हसले.

ती फाइल उघडली तर वरच तिची ओळ: 'आज लूम बंद, ओरडायची गरज नाही. तरी तू ओरडतेसच.' हसू आलं नि मागोमाग रडू. दादासमोर. त्याला वाटलं मी शेठला घाबरले.

२४, शनि.
शेठ रागावला नाही, उलट त्याच्या सगळ्या गोदामांचं काम देतो म्हणतो. अट एकच: रुबीच्या जागी त्याचा भाचा भागीदार. लूमचं काम बंद. उद्या उत्तर हवंय.
दादा: "ती गेली ना गो? मंग जागा कोनासाठी राखतंस?"
चुकीचं बोलत नाही तो. लूमवाली गिऱ्हाइकं उरलीत किती! रुबीच्या अब्बांनीही खालचे अर्धे लूम भंगारात दिले. आता माळ्यावर पंख्याचा आवाज येतो. मला तो सहन होत नाही.

२५, रवि.
रुबीला फोन केला. भाच्याचं सांगितलं नाही. शुक्रवारचा किस्सा ऐकून इतकी हसली की तिचा नवरा बघायला आला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या फाइली दिसत नाहीत तुला?"
म्हटलं, "हात लावला की दिसतात."
ती म्हणाली, "बकरी ईदला येतेय गं. पंधरा दिवस."
पुढे काय, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं तिनं. फोनवर नको होतं मला ते.

संध्याकाळी दादाला कळवलं, शेठला म्हणावं ईदपर्यंत थांब.
"थांबल काय तो?"
म्हटलं, नाही थांबला तर नाही.
"आन् ती परत कामाला न्हाय आली तर?"
म्हटलं, तर ते मी तिच्या तोंडून ऐकेन, शेठच्या नाही.