कागदावरचे दहा टन

आक्का, हरकतीचा अर्ज फुकट असतो. तसं त्याच्यावर छापलेलंच आहे, शुल्क नाही म्हणून. तरी तो मला काय पडला ते सांगतो. झेरॉक्स तीन वेळा, कारण पहिल्या दोन वेळा सही भलत्याच रकान्यात गेली. नोटिशीतली भाषा उलगडून सांगायला एक वकील, आणि त्याचा चहा वेगळा. सुनावणीच्या दिवशी यार्ड अर्धं बंद, म्हणून मालाचा एक टेम्पो दारावरून परत गेला आणि शेजारच्या यार्डवाल्यानं तो हसत हसत आत घेतला. पँटीची इस्त्री. आणि चारचौघांत गेलेली इज्जत. तिचा भाव मला अजून लावता आलेला नाही.

तुम्ही गेलात आणि यार्ड माझ्या हाती आलं, तेव्हा भंगाराच्या धंद्याला एक काटा, माल आपटून बघायला एक काळा दगड आणि दांडगं तोंड एवढं पुरत होतं. आता परवाना लागतो. आपला माल आता भंगार नाही, कचरा आहे, आणि आपण कचरा हाताळणारे. मला त्याचंही काही वाटत नव्हतं. आजवर या परवान्याचं शुल्क यार्डात पैसा किती गुंतवलाय त्यावर ठरायचं. आपलं पत्र्याचं शेड आणि एक काटा, गुंतवणूक ती कितीशी; सणाला कपडे घ्यावेत तसं ते शुल्क भरून मोकळं व्हायचो. आता खात्यानं नव्या नियमांचा मसुदा काढलाय, हरकत असेल तर कळवा म्हणून. यापुढं शुल्क परवान्यावर दिवसाला किती टन लिहिलेत त्यावर, आणि गोळा करण्याचं वेगळं, निवडण्याचं वेगळं, कापण्याचं वेगळं. गावानं फेकलेलं आम्ही उचलायचं आणि उचलल्याचे पैसेही आम्हीच भरायचे. फेकणाऱ्याला काही नाही. हातगाडीवर बिनपरवान्याचा माल फिरवणाऱ्यालाही काही नाही. जो बापडा आपल्या पायानं जाऊन परवाना काढून आला, त्याचीच मान हाताशी सापडते. मसुद्यात तीन टनांच्या आतला लहान गट आहे, त्याला शुल्क नावापुरतं. त्याच्या वर मोठा गट, म्हणजे कारखान्यांची स्वतःची यार्डं आणि आपण एकाच रांगेत. कारण आक्का, आपल्या परवान्यावर दहा टन लिहिलेत.

ते कसे लिहिले गेले ते तुम्हाला न विचारताही कळेल. खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "किती टन रोजचे?" आणि माझ्या तोंडातून दहा निघालं. विचार केलाच नाही. कुणी किती माल विचारला की आपण काय सांगतो, तेच सांगितलं. बाहेर येऊन वर ऐट अशी, की जालन्यात दहाच्या खाली बोलणारा माणूस मी न्हाई. गावाकडं हसनाबादलाही तेच सांगत सुटलो. तिथल्यांना मी बरीच वर्षं कंपनीत आहे असं सांगत होतो. शेतजमीनवाल्यांच्या घरातला माणूस दुसऱ्याचं मोडकं विकत घेतो हे सांगायला जीभ वळत नव्हती. दहा टन म्हटल्यावर मात्र भंगारसुद्धा भारदस्त वाटायला लागलं. कारखान्यानंही दहाचा परवाना बघूनच आपलं नाव थेट माल घेण्याच्या यादीत घातलं.

हे मी तुमच्याकडूनच शिकलो, असं गेले कित्येक दिवस मी मनात तुमच्याशी भांडून राह्यलोय. मला तो दलाल चांगला आठवतो, कारखान्याचा, स्कूटरवरून आल्ता. तुम्ही ड्रमच्या चुलीवर भाकरी टाकत बसलेल्या. यार्डात माल विकायला आलेल्या माणसाला आधी भाकरी आणि ठेचा द्यायचा, मग भाव बोलायचा, ही तुमची रीत. भरल्या पोटी माणूस दुसऱ्या यार्डाकडं चालत जात नाही म्हणायच्या. दलालाच्या हातावरही भाकरी ठेवली. तो चावत चावत विचारतो, "आक्का, रोजचा माल किती निघल?" आणि तुम्ही तव्यावरची नजर न हलवता म्हणता, "आठ टन." मी बावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, महिनाभरापूर्वी कामाला लागलेला. मागं वळून बघतो तर यार्डात रेड्याच्या पाठीएवढा ढीग. तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "काय बघतो पाटील? माल लहान सांगितला की भाव लहान लागतो." त्या आठवड्यात आसपासच्या चार यार्डांतून माल गोळा करून तुम्ही बराबर आठ टन भरून दिलेत.

सुनावणी गावातल्याच एका सभागृहात होती. अधिकारी तरुण, माझ्या मुलीच्या वयाचा, बोलायला गोड. मी उभा राहिलो. सगळ्यांच्या वतीनं मीच बोलणार हे मी आदल्या आठवड्यात कट्ट्यावर जाहीर करून बसलेला.

"काका, तुमची क्षमता किती?"

"साहेब, दोन टन."

त्यानं कागद उलटला. "इथं तर दहा दिसताहेत."

"ते लिहायला लिहिलेत. येतात दोनच."

"म्हणजे खोटं लिहिलंत?"

"खोटं न्हाई साहेब. बाजारात असंच बोलत्यात."

"हा बाजार नाही काका."

मागून बदनापूरचा एक यार्डवाला ओरडला, "साहेब, त्यायला एकट्याला नका धरू. हितं समदे दहा टनवालेच हायेत. समद्यांचा मिळून दहा टन निघला तर मी मिशी काढतो!" सभागृहात हशा पिकला. अधिकारीही हसला. आणि त्या हसण्याच्या गडबडीत, आपली बाजू सावरायला म्हणून, मी काय बोलावं? "साहेब, आमच्या आक्कानंच तसं शिकवलं. अडाणी बाई होती, ती म्हणायची वाढवूनच सांगायचं." पुन्हा हशा. माझे कान कसे आहेत तुम्हाला ठाऊक आहे. दगडावर आपटलेला तुकडा बिडाचा का पितळेचा, हे मी पाठमोरा बसून सांगतो. त्या हशातही, कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणाल्यालं मला ऐकू आलं, "मेलेल्या बाईवर घालतो का रं."

घरी आलो आणि हिशेब मांडला. दहा टन तसेच ठेवले तर नव्या शुल्कापायी निवडणाऱ्या सहा बायकांतल्या तिघी घरी बसवाव्या लागतील. दोन टन लिहून द्यावेत तर कारखान्याची यादी सुटते. तुमच्या हाताखालची ती थोरली, मंठ्याकडची, अजून येते. गुडघे गेलेत, पण तांब्याची तार ती बोटांनीच ओळखते. तिला सगळं सांगितलं तर हातातलं काम न थांबवता म्हणाली, "दादा, टन कागदावरच हायेत न्हवं? मंग तिघी बायाबी कागदावरच कामाला ठिवा. पगार बी कागदावरच द्या."

मी हसलो. रागही आला. राग खात्याचा, मसुद्याचा, आणि खरं सांगायचं तर तुमचा. पण राग तुमच्यावर नीट बसेना. कारण मी सभागृहात सांगितलं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धंही तुम्ही सांगितलं होतं, त्याच आठवड्यात. आठ टनांची गाडी भरली आणि कारखान्याला द्यायची चिठ्ठी मी लिहीत होतो. भरलेत आठ, तर नऊ लिहायला काय जातंय म्हणून मी नऊ लिहिले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. तुम्ही चिठ्ठी फाडलीत, सगळ्या हमालांसमोर, आणि तुकडे माझ्या खिशात घातलेत. "तोंडानं किती बी फुगव. वाऱ्यावर जातंय. कागदावर मात्र काट्याइतकंच लिही. कागूद फिरून दारात येतो." नंतर संध्याकाळी, जास्त बोलल्यासारखं वाटलं असेल म्हणून, फुटक्या स्पीकरमधून काढलेलं लोहचुंबक दोरीला बांधून माझ्या हातात दिलंत. शेतकऱ्याच्या पोराला माल ओळखायला चुंबक दिलं म्हणून मी तेव्हा फुगलो होतो, आणि चिठ्ठीचं विसरून गेलो. विसरलो असं आतापर्यंत मानत होतो. ऐकलं होतं, आक्का. बिलकुल स्पष्ट ऐकलं होतं. सोयीचं तेवढं ठेवलं.

तर मी परवाना बदलून घेतला. कारखान्यानं यादीतून नाव काढलं, आणि आता माझा माल शेजारचा विकतो, तोच, माझा टेम्पो आत घेणारा. तो आपला वाटा काढून घेतो आणि मला "काय लहान गट, कसं काय?" अशी हाक मारतो. सहाही बायका कामावर आहेत. मसुदा मात्र अजून मसुदाच आहे. हरकतींचा विचार चालू आहे म्हणतात. कदाचित तो मागं घेतील, आणि मग मी हे सगळं फुकट केलं असं होईल. या विचारानं जेवण गोड लागत नाही. हातगाडीवाले रोज दारावरून जातात.

हे पत्र मी हरकतीच्या उरलेल्या नमुन्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलंय. ते कुठं जायचं नाही, फायलीतच राहील. तुम्हाला सभागृहात अडाणी म्हणालो, एवढं कुठंतरी लिहून ठेवायचं होतं.

आणि नव्या परवान्यावर मी दोन टन लिहिलेत खरे, पण महिनाभर रोज काटा बघून राह्यलोय. दीडच्या वर एकदाही भरला नाही.