लगेच म्हणजे किती

प्रिय ताई,

इतक्या वर्षांनी माझं पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. सरकारी कचेरीच्या बाकावर बसून लिहितोय. तहान नसताना दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

इकडे परदेशात कत्तलखान्यात माझ्याकडे जनावराची मान धरायचं काम आहे, ते तुला माहीतच आहे. कापणारे एक म्हातारे ज्यू आहेत, मी त्यांना आजोबा म्हणतो. दर वेळी सुरीची धार नखावरून फिरवून बघतात, बारीकशी खाच लागली तरी ती सुरी बाजूला. मग न थांबता एकदाच फिरवायची. आता कायदा येऊ घातलाय, की आधी डोक्याला खिळा मारायची बंदूक लावून बेशुद्ध केल्याशिवाय कापायचं नाही. आजोबांच्या धर्मात तसं चालत नाही. म्हणजे त्यांचं काम बंद.

त्याआधी सरकारने चौकशी बसवलीय, तिथे माझी साक्ष झाली. चौकशीच्या बाईंनी मला विचारलं, कापल्यावर जनावर किती वेळात पडतं? मी म्हटलं, लगेच. माझं लगेच तुला ठाऊक आहे, लगेच येतो म्हणून गेलो की तू ताट झाकून ठेवायचीस. पण दुभाष्याने त्याचं 'त्याच क्षणी' करून टाकलं. आजोबांचं काम वाचवायला आलेला आमच्या बाजूचा वकील खूश, पाठ थोपटून गेला.

बहुतेक वेळा पडतंही, मान हातात जड होते. पण मागच्या महिन्यात एक गोऱ्हा कापल्यावर पुन्हा उभा राहिला, ताई. आजोबांचे ओठ पांढरे पडले. तेव्हापासून मी जेवायच्या आधी हात धुतो तो धुतच राहतो. बंदुकीच्या बाजूलाही मी काम केलंय. तिथे नेम चुकला की जनावर तडफडतं आणि पुन्हा बंदूक लावायची. ते मात्र कुणी विचारतच नाही.

काल आजोबांना सगळं सांगून टाकलं. वाटलं चिडतील. चिडलेच, पण म्हणाले, अरे बावळटा, मग इथे काय करतोस, जा आणि दुरुस्त कर! म्हटलं, तुमचं काम जाईल. तर म्हणे, खाच असलेल्या सुरीने मी कापलं असतं, तर तू मला काय म्हणाला असतास?

बाई म्हणाल्या, दुरुस्ती स्वतःच्या हाताने, तुझ्या भाषेत लिही. कोरा कागद दिलाय. चौथीनंतर मी धड काही लिहिलेलं नाही, आणि पहिलंच वाक्य आजोबांच्या विरुद्ध. हात चालेना. म्हणून आणखी कागद मागून घेतले आणि आधी तुला लिहिलं, तुझ्यापुढे मला कधी खोटं बोलता आलं नाही. गोऱ्ह्याचं लिहून झालं, बंदुकीचंही झालं. आता हेच तिकडे उतरवतो. आजोबा बाहेर पायरीवर बसलेत, माझा डबा मांडीवर घेऊन.

तुझाच,
भावड्या