ठाम गुलाबी

१२ नोव्हेंबर
प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स सुरू. घरातली पहिली पदवीधर मीच. आता गावातली पहिली शास्त्रज्ञही. बाबांनी तेलाच्या घाण्यावर सगळ्यांना सांगून टाकलं. मी त्यांना अडवलं, पण सांगून झाल्यावर.

१८ नोव्हेंबर
ऑलिव्ह तेलाची आम्लता मोजायला शिकलो. नमुन्यात अल्कली थेंबथेंब सोडायची, गुलाबी झालं की थांबायचं. अल्कली जितकी जास्त लागेल, तितकं तेल वाईट. आम्हाला शिकवणाऱ्या पोलिक्सेनीबाई म्हणाल्या, पहिली फिकट छटा टिकली की बस्स. मला फिकट रंग गुळमुळीत वाटतो. मी ठाम गुलाबीपर्यंत जाते. बाई माझ्या फ्लास्ककडे बराच वेळ बघत राहिल्या. प्रभावित झाल्या असाव्यात.

२५ नोव्हेंबर
बाई पुन्हा म्हणाल्या, "एवांथिया, एक थेंब. एकच." प्रत्येकाची शैली वेगळी. संकल्प: बाईंच्या वयाचा मान ठेवून वाद घालायचा नाही.

२ डिसेंबर
आमच्या ऑलिव्हचं यंदाचं तेल घाण्यावरून आलं. हिरवंगार. बाई जेवायला गेल्यावर नमुना मोजला (एकाग्रतेसाठी). आम्लता अडीच टक्के! असलं तेल खात नाहीत, दिव्यात जाळतात.

३ डिसेंबर
घरी निकाल सांगितला. मानोलिसकाका तेच तेल पावावर ओतून खात होते. म्हणाले, "घसा तर मस्त खवखवतोय, पोरी. ताज्या, चांगल्या तेलाचीच खूण ही." घसा हे उपकरण नव्हे, हे मी त्यांना समजावलं. बाबांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तू शिकलीस. मी कशाला बोलू?" असलं तेल विकून नाव घालवायचं नाही म्हणून त्यांनी सगळे डबे चर्चमधल्या दिव्यांसाठी देऊन टाकले. आई डब्यांमागे फाटकापर्यंत चालत गेली. आमच्या घरात विज्ञानाचा हा पहिला विजय.

९ डिसेंबर
प्रात्यक्षिक परीक्षा. नमुना बाईंचा, उत्तर त्यांना आधीच माहीत. माझं उत्तर अडीच. मी म्हटलं, या वर्षी सगळीकडचंच तेल बिघडलंय. बाई खाली बसल्या. मग माझं मनगट धरून पुन्हा करून घेतलं. रंग आहे की नाही, इतपत गुलाबी. शून्य पूर्णांक तीन. बाईंनी विचारलं, आणखी कुणाचं तेल मोजलंस का? म्हटलं, तसं विशेष कुणाचं नाही.

११ डिसेंबर
नमुन्याच्या बाटलीतलं उरलेलं आमचं तेल मोजलं. एक थेंब, एकच. शून्य पूर्णांक तीन. बहुतेक आसपासच्या गावांत सर्वोत्तम. बाबांना सांगायचं ठरवलं. रविवारी, प्रार्थनेनंतर, त्यांचं मन प्रसन्न असताना.

१४ डिसेंबर, रविवार
दिवे अप्रतिम जळले. धूर नाही. फादर गेरासिमोसनी प्रवचनात बाबांचं नाव घेतलं. मग फादरच्या बायकोने (आमचे ऑर्थोडॉक्स फादर संसारी असतात) त्याच तेलात शिजवलेले चणे सगळ्यांना वाढले. लोकांनी ताटल्या पावाने पुसून घेतल्या.

परतताना बाबांना सगळं सांगितलं. जेवायला कोबीची कोशिंबीर, त्यावर दुकानातलं सूर्यफुलाचं तेल. बाबांनी एक घास चावला, बाटली माझ्यापासून लांब सरकवली.

"एवांथिया, हे मोजू नकोस हं. आता एवढंच उरलंय."